जुने लेगो घरी आणल्यावर जुळतच नाहीत, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर

जुने लेगो, म्हणजे एकमेकांत जोडायचे प्लास्टिकचे ठोकळे, घेणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. "तीन किलो लेगो दीड हजारात मिळालं म्हणून घेतलं, आता पोरं जोडायला बसलीत तर निम्मं एकमेकांत बसेना." कधी ती बेळगावच्या वडगावातून येते, कधी अनगोळातून, कधी निपाणीहून. काहींची जरा वेगळी असते: ठोकळे बसतात, पण चाकांना आस नाही, खिडक्यांना चौकट नाही, माणसांची डोकी आहेत आणि पाय नाहीत. काहींना तर माल दिसलाच नाही, पैसे तेवढे गेले.

हे वेगवेगळे बिघाड आहेत. त्यांची कारणं वेगळी, इलाजही वेगळे. "जुन्या मालात असंच असतं" म्हणून सगळं एकत्र सोडून देणं मला पटत नाही, कारण जुनं घेण्यासारखं खेळणं कुठलं असेल तर ते हेच. हे ठोकळे एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचे असतात आणि नीट ठेवले तर एका पिढीचे दुसऱ्या पिढीला चालतात. नवा खोका मात्र आपल्याकडे महागच पडतो. आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. दर वाढदिवसाला नवा खोका आणणं पगारदार घराला झेपत नाही. म्हणून जुना माल पारखून घेता येणं महत्त्वाचं.

ठोकळे एकमेकांत बसत नाहीत, किंवा बसून लगेच निखळतात

कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: पिशवीत दोन-तीन कंपन्यांचा माल मिसळलेला असतो. एक खोका दुबईच्या मामाने आणलेला, एक गणपत गल्लीतून घेतलेला, एक जत्रेतला, आणि घर आवरताना सगळं एकाच डब्यात गेलेलं. विकणाऱ्याच्या मनात कपट नसतं. त्याच्या घरी या सगळ्यालाच लेगो म्हणतात.

आज दिसते ती लेगोची वीट, आतून पोकळ नळ्या असलेली, डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या कंपनीने २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी नोंदवली. तेव्हापासून मूळ माप बदललेलं नाही. त्या काळातली वीट आजच्या विटेवर बसते. पेटंटची मुदत केव्हाच संपली, आणि विटेचा हा आकार ट्रेडमार्क म्हणून एकट्याकडे ठेवता येणार नाही, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० मध्ये दिला. त्यामुळे तशाच मापाचे ठोकळे इतर कंपन्याही करतात आणि त्यात बेकायदा काही नाही. त्यातल्या काहींचे ठोकळे लेगोवर उत्तम बसतात. काहींचे केसभर जाड, काहींचे केसभर बारीक. घोळ होतो तो या केसभरातच.

ज्यांच्या घरचं कुणी उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपला आहे त्यांच्याकडे व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, असतोच, तो कामाला लावा. दोन-बाय-चारचा ठोकळा, म्हणजे ज्याच्या माथ्यावर आठ बटणं, म्हणजे गोल उंचवटे, असतात तो, ३१.८ मिलिमीटर लांब, १५.८ रुंद आणि बटणं सोडून ९.६ उंच असतो. बटणाचा व्यास ४.८. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत बरोबर ८ मिलिमीटर. चपटी पट्टी ३.२ मिलिमीटर जाड, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एका ठोकळ्याची उंची झाली पाहिजे. साचे मिलिमीटरच्या काही हजारांशांइतके अचूक ठेवले जातात, म्हणून मुलाच्या बोटांनी लागतात, मुलाच्या बोटांनीच निघतात आणि तरी हलवल्यावर सुटत नाहीत. उद्यमबागेतल्या माणसाला या अचूकतेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

व्हर्नियर नसेल तरी अडत नाही. खात्रीचे पाच ठोकळे खिशात घालून जा. विक्रेत्याच्या घरी त्याचे पाच ठोकळे एकावर एक रचा, शेजारी आपले पाच रचा आणि दोन्हीच्या माथ्यावरून नख फिरवा. एका ठोकळ्यात न दिसणारा फरक पाच थरांत साचतो आणि नखाला अडखळतो. मग त्याचा एक ठोकळा आपल्या एकावर दाबा, उलटा धरा, झटका द्या. पडला तर सैल. काढताना दात लावावेसे वाटले तर घट्ट. दोन्ही उपयोगाचे नाहीत, आणि घट्ट जास्त वाईट, कारण लहान मुलांची चिडचिड तिथेच सुरू होते आणि खेळ कपाटात जातो.

अस्सल लेगोची सोपी खूण म्हणजे बटणाच्या माथ्यावर उठावात असलेलं कंपनीचं चार अक्षरी नाव. मोबाइलचा टॉर्च आडवा धरला की अक्षरं उठून दिसतात. फक्त पिशवीच्या तोंडाशी असलेले चार-पाच बघून थांबू नका. चांगले, रंगीत, मोठे ठोकळे आपोआप वर येतात किंवा वर ठेवले जातात. "काकू, चादरीवर ओतून बघू काय?" असं सरळ विचारायचं. आपल्याकडे बहुतेक वेळा "बघा की, त्यात काय" हेच उत्तर येतं. ओतल्यावर वरून, मधून, तळातून मिळून वीस ठोकळे डोळे मिटून उचला आणि त्यातले किती जुळतात ते मोजा. वीसातले अकरा जुळले तर पिशवी साधारण निम्म्याने आपल्या कामाची आहे. तेवढ्यावर भाव ठरवता येतो.

एक प्रकार मात्र माप वेगळं असूनही टाकू नका. अगदी लहान मुलांसाठीचे ड्युप्लो ठोकळे, जे १९६९ पासून निघतात, ते लांबी-रुंदी-उंचीत दुप्पट असतात. नेहमीचा दोन-बाय-चार ठोकळा त्यांच्यावर बसतो, कारण मापं तशीच जुळवलेली आहेत. नट-बोल्टच्या मेकॅनिक्सच्या पट्ट्या पिशवीत निघाल्या तर त्या वेगळ्या काढा. तो स्वतंत्र खेळ आहे आणि पूर्ण संच असेल तर चांगलाही आहे, पण ठोकळ्यांच्या वजनात त्याचे पैसे देऊ नका.

स्वस्त वाटलेलं घरी आल्यावर महाग पडतं

इथे गणित करा, दुसरा इलाज नाही. तीन किलो माल दीड हजाराला म्हणजे किलोला पाचशे, असं आपण धरतो. घरी निवडल्यावर जुळणारे एक किलो दोनशे ग्रॅमच निघाले तर खरा भाव किलोला साडेबाराशे पडला. शेजारच्या गल्लीत कुणी निवडलेला, धुतलेला माल हजार रुपये किलोने देत असेल आणि तो आपण महाग म्हणून सोडला असेल, तर स्वस्त तोच होता. जुळणाऱ्या किलोचा भाव काढायची सवय लागली की निम्म्या फसवणुका दारातच थांबतात.

दोन-बाय-चारचा एक ठोकळा साधारण २.३ ग्रॅमचा असतो. म्हणजे नुसते तेच असतील तर किलोत सव्वाचारशेच्या वर बसतात, आणि लहान तुकडे असतील तर त्याहून पुष्कळ जास्त. म्हणून वजन करण्याआधी मोठे पाट (ज्यांवर बांधकाम उभं करतात ते सपाट तळ), होडीचे सांगाडे, किल्ल्याच्या एकसंध भिंती बाजूला काढायला सांगा. त्यांचं वजन जास्त आणि जोडकाम कमी. पाट वाकलेला असेल, आणि माळ्यावर उन्हाळे काढलेला पाट बहुधा वाकलेलाच असतो, तर त्याचे वेगळे पैसे देऊ नका. तपकिरी आणि गडद लाल ठोकळे हातात घेऊन हलकेच दाबून बघा. काही वर्षांचे हे रंग ठिसूळ निघतात, अस्सल कंपनीचे असूनही. पांढरे पिवळे पडलेले असतील तर तो फक्त दिसण्याचा दोष, पकडीचा नाही. मुलांना खेळायला घेत असाल तर पिवळे ठोकळे स्वस्तात मिळतात ही चांगलीच गोष्ट समजा.

भाव करताना एक पाळा. ज्या मुलाची ती खेळणी असतात ते पुष्कळदा दाराआड उभं असतं. त्याच्या समोर "हे सगळं टाकाऊ आहे" असं म्हणत भाव पाडू नये. मी तर आधी त्यालाच विचारतो की हे द्यायचं आहे ना, आणि यातलं काही ठेवायचं आहे काय. मुलाने मनापासून हो म्हटल्याशिवाय तो माल उचलायचा नाही, मग तो कितीही स्वस्त असो.

शोधून शोधून मालच दिसत नाही

आपल्या भागाची खरी अडचण ही आहे, आणि तिचं कारण बरंचसं नकाशात आहे. मोबाइलवर जुना माल विकणाऱ्या ॲपमध्ये शोध राज्यानुसार किंवा शहरानुसार अडकतो. निपाणीच्या माणसाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, पण ॲप त्याला कर्नाटकातला माल दाखवत बसतं. चंदगडच्या माणसाचा बाजार बेळगावात, आणि ॲप त्याला कोल्हापूरचा माल दाखवतं. म्हणून गाव निवडून थांबू नका. बेळगाव, कोल्हापूर, गडहिंग्लज, पणजी अशी ठिकाणं एकेक करून बदलून बघा. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, पण जाहिराती टाकणारे अजून जुनं आणि नवं अशी दोन्ही स्पेलिंगं वापरतात. दोन्ही टाकून शोधा.

शब्दही बदलून बघा. जो माणूस "लेगो" असं लिहून विकतो त्याला भाव माहीत असतो. जो "ब्लॉक्स", "बिल्डिंग ब्लॉक", "मुलांची खेळणी, एक पोतं" असं लिहितो त्याच्याकडे कधी कधी अस्सल माल निघतो, कारण त्याला फक्त घर मोकळं करायचं असतं. फोटो मोठा करून बटणं बघा. फोटो पुसट असेल तर "चादरीवर पसरून, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून एक फोटो पाठवा" एवढंच सांगा. नाण्याने आकार कळतो आणि पसरल्याने मिसळ कळते.

पण खरं सांगायचं तर आपल्याकडचा उत्तम माल ॲपवर येतच नाही. तो घरांत आहे. टिळकवाडी, भाग्यनगर, शहापूरच्या जुन्या घरांत माळ्यावर खोके पडलेत, पोरं शिकून पुण्या-बेंगळुरूला किंवा परदेशी गेलीत, आणि आजी-आजोबांना ते कुणाच्या तरी उपयोगी पडावं एवढीच इच्छा असते. दुसरा मोठा साठा कॅम्पात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे इथे लष्करी कुटुंबं येत-जात असतात. बदली झाली की सामान कमी करावंच लागतं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळेचं वर्ष संपल्यावर, हा ओघ जास्त असतो. तेव्हा सोसायटीच्या, शाळेच्या पालकांच्या, योगवर्गाच्या व्हॉट्सॲप गटांवर मार्चअखेरीसच निरोप टाकून ठेवा. दिवाळीच्या तोंडावर शोधायला निघालात तर भावही चढा आणि मालही निवडून राहिलेला.

निरोप नुसता मराठीत टाकू नका. हिंदीत टाका, आणि कन्नड गटांतही टाका. "हळे लेगो, ब्लॉक्स इद्र हेळ्री" (जुने लेगो, ब्लॉक्स असतील तर सांगा) एवढं लिहिलं तरी गोकाक, बैलहोंगल, हुक्केरीपर्यंतची घरं उघडतात. समोरच्याने कन्नडात विचारलं आणि आपल्याला तोडकंमोडकं का होईना त्याच भाषेत उत्तर देता आलं, तर माणूस खोका राखून ठेवतो. लांबचा माल मागवायचा तर पोस्टाचं पार्सल किंवा बसचं कार्गो आहे, पण त्याचा खर्च किलोच्या भावात आधी मिसळा.

भंगारवाल्यांना सांगून ठेवण्याचाही उपयोग होतो. प्लास्टिक वेगळं करताना त्यांच्या हातात ठोकळे येतात आणि ते वितळायला जातात. एकदा नमुना दाखवून "असं काही आलं तर ठेवा, भंगाराच्या वर भाव देतो" म्हटलं की ते लक्षात ठेवतात.

पैसे गेले, माल आला नाही

लष्करी छावणीच्या गावात एक फसवणूक विशेष चालते. समोरचा फोनवर सांगतो की मी फौजी आहे, बदली झाली आहे, सामान ट्रकवर चढतंय, गेटच्या आत येता येणार नाही, थोडे पैसे आधी पाठवा, जवान माल आणून देईल. ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. इथे बदलीची कुटुंबं खरोखर असल्यामुळे आपला विश्वास चटकन बसतो. खरं बदलीचं घर असेल तर ते गेटवर किंवा बाजारात माल घेऊन भेटतं, किंवा ओळखीच्या कुणामार्फत दाखवतं. माल हातात घेऊन, ओतून, बघून मगच पैसे. आगाऊ एक रुपयाही नाही. आणि आपण विकत असू तेव्हा ध्यानात ठेवायचं की पैसे घ्यायला कधीही क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजून बसू नका, ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे रोखले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

ठोकळे आहेत, पण चित्रातलं काही पूर्ण होत नाही

खोक्यावर किंवा पुस्तिकेवर संचाचा क्रमांक असतो. पुस्तिका हरवली असेल तर तो क्रमांक घालून कंपनीच्या संकेतस्थळावरून ती फुकट उतरवून घेता येते. खोकाही नसेल तर ठोकळ्याच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा, तिथे बारीक अंक कोरलेले असतात. दोन-बाय-चारचा ३००१, दोन-बाय-दोनचा ३००३, एक-बाय-दोनचा ३००४. या अंकांवरून सुटे भाग शोधता येतात. ब्रिकलिंक या बाजारावर, जो २००० साली सुरू झाला आणि २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच घेतला, सुटे भाग अंकावरून सापडतात. भारतातून तिथे खरेदी चालते काय ते आधी बघा, आणि परदेशातून चार आस मागवण्यात टपालखर्चच मालापेक्षा जास्त होतो. रिब्रिकेबल नावाच्या संकेतस्थळावर आपल्याकडचे संच नोंदवले की त्यांतून दुसरं काय काय बांधता येईल ते ते दाखवतं.

माझं मत विचाराल तर पहिल्या खरेदीत संच पूर्ण करायच्या मागे लागूच नका. आस, चाकं, बिजागऱ्या आणि चपट्या पट्ट्या पुरेशा आहेत काय एवढं बघा. पोरांच्या हातात ही चार असली की ती राजहंसगडही बांधतात आणि लाल बसही. नुसते जाड ठोकळे असले की भिंत होते आणि तिथेच खेळ संपतो. लेगोची छोटी माणसं मात्र लवकर संपतात, कारण संग्राहक ती वेगळी काढून विकतात. पिशवीत एकही माणूस नसेल तर कुणीतरी ती आधीच निवडलेली आहे असं समजा आणि भाव त्याप्रमाणे धरा.

घरी आणल्यावर लगेच काय करायचं

मुलांच्या हातात देण्याआधी दोन गोष्टी हुडका. चुंबकाचे ठोकळे किंवा पत्रे मिसळलेले असतील आणि त्यांना तडा गेला असेल तर ते टाकून द्या. आतले चुंबक सुटून पोटात गेले, एकाहून जास्त गेले, तर ते आतड्याला चिमटा घेतात आणि ऑपरेशनची वेळ येते. दुसरी, बटण सेलवर चालणारे दिवे. त्यांच्या सेलचं झाकण स्क्रूने घट्ट आहे काय ते पाहा, नसेल तर तेही बाद. तीन वर्षांखालच्या बाळाच्या घरात बारीक ठोकळे आणूच नयेत, ड्युप्लो आणावेत. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, पण सुट्या ठोकळ्यांवर ते शोधून सापडत नाही. म्हणून ज्या ठोकळ्याला उग्र वास येतो, ज्याचा रंग ओल्या फडक्याला लागतो, तो कितीही छान जुळला तरी ठेवू नका.

धुणं सोपं आहे. जाळीच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात, ४० अंशांच्या वर नाही, थोड्या सौम्य साबणाने हाताने चोळायचं. पाणी उकळू नका, वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, माप बिघडतं. स्टिकर लावलेले आणि विजेचे भाग बाहेर ठेवून ओल्या फडक्याने पुसा. माळ्यावरच्या डब्यात पालीची लेंडी आणि झुरळांची घाण हमखास असते, तेव्हा आधी कोरडे चाळून घ्या, मग भिजवा. वाळवायचे ते सावलीत, पंख्याखाली, बटणं वर ठेवून एका थरात. उन्हात घालण्याचा मोह होतो, पण उन्हाने रंग जातो आणि पांढरा आणखी पिवळा पडतो. आपल्याकडचा पाऊस म्हणजे जूनपासून घरभर ओल, म्हणून शक्य तर मेमध्येच धुऊन घ्या. पावसाळ्यात आतल्या नळ्यांत पाणी राहिलं की आठवड्यात कुबट वास येतो.

निवडल्यावर न जुळणारे ठोकळे उरतातच. ते जुळणाऱ्यांत परत टाकू नका, नाहीतर तीच तक्रार दोन महिन्यांनी पुन्हा. एकाच कंपनीचे, आपापसात घट्ट बसणारे असतील तर त्यांचा वेगळा डबा करा, त्यावर कंपनीचं नाव लिहा, आणि पुढे कुणाला देताना तसंच सांगून द्या. कशातच न बसणारे दिवाळीच्या किल्ल्याला कामाला येतात. मातीखाली भराव म्हणून घातले की बुरूज हलके होतात आणि मुलांना पायऱ्या काढायला टप्पे आयते मिळतात. किल्ला मोडल्यावर ते वेचून धुऊन पुढच्या वर्षासाठी पोत्यात भरून ठेवा.